तिन्ही कुलपं लावूनही उघडं राहिलेलं दार: सोलापुरातल्या एका मुक्तस्रोत प्रकल्पाचं प्रकरण

यंत्रमाग कारखान्यांच्या पगाराचा हिशेब करणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस एका कारखान्यात हल्ला होऊन पुसला गेला. त्या प्रकल्पाची देखभाल करणाऱ्या चौघांपैकी मी एक. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण तो इतर प्रकल्पांतही जसाच्या तसा सापडेल अशी मला भीती आहे.

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली यंत्रमाग आहेत. टॉवेल आणि चादरीचं हे काम बरंचसं नगावरच्या मजुरीवर चालतं. कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, कुणी किती नग काढले याची नोंद वहीत होते. आमच्या ओळखीच्या कारखान्यांत आठवड्याचा हिशेब शुक्रवारी रात्री मिटतो आणि शनिवारी दुपारी पगार होतो. हिशेबात उचल वजा करायची, सुट्टीचे दिवस धरायचे, मधेच माग बदललेला असेल तर दर बदलायचा. हे सगळं हाताने करणाऱ्या माणसाची शुक्रवारची झोप जाते.

ती झोप वाचावी म्हणून आम्ही एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. जँगो (पायथन भाषेतली वेब चौकट), पोस्टग्रेस्क्यूएल (डेटाबेस, पुढे नुसतं पोस्टग्रेस) आणि डॉकर (सॉफ्टवेअर बंद डब्यात, म्हणजे कंटेनरात, चालवणारं साधन) वापरून केलेलं, मराठी आणि तेलुगूत चालणारं, मुक्त परवान्याखाली खुलं, कोड कुणीही घेऊन वापरावा असं. आम्ही स्वतः काही कारखान्यांत ते बसवून दिलं, पुढे संगणक दुरुस्तीची दुकानं चालवणारी पोरं ते बसवू लागली. याचा आम्हाला आनंद होता. आपण न जाता आपलं काम पोहोचतंय, मुक्तस्रोताचा अर्थ तोच.

बसवण्याची कृती आमच्या माहितीपानावर इंग्रजीत होती. वर तीन आज्ञा, त्या चिकटवल्या की सॉफ्टवेअर सुरू. सुरक्षेचा परिच्छेद त्याच पानाच्या तळाशी होता.

काय घडलं

श्रावणातला शुक्रवार होता. पुढच्या आठवड्यात नारळी पौर्णिमा, म्हणजे मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत त्या दिवसाची तयारी आधीपासून चालू असते, त्यामुळे या पगाराकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. संध्याकाळी हिशेबनीस अक्कांनी पडदा उघडला तर कामगारांची यादी रिकामी. त्यांनी बसवणाऱ्या मुलाला फोन केला, त्याने मला.

डेटाबेसमधली आमची सगळी कोष्टकं गेली होती. त्यांच्या जागी एकच नवं कोष्टक, त्यात एक ओळ: माहिती परत हवी असेल तर बिटकॉइनमध्ये इतके पैसे पाठवा. असे हल्ले कुणी सोलापुरातल्या एका कारखान्यावर नेम धरून करत नाही. इंटरनेटवर उघडी असलेली डेटाबेसची पोर्टं (बाहेरून जोडायची क्रमांकाची दारं) शोधत फिरणारे प्रोग्राम असतात, सोपे पासवर्ड टाकून बघतात आणि उघडलं की पुसून चिठ्ठी ठेवतात. २०१७च्या जानेवारीत मोंगोडीबीच्या हजारो उघड्या डेटाबेसांचं हेच झालं होतं.

मालकांना सुरतेला माल घेऊन गेल्यावरही उत्पादन बघायचं होतं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर ऑफिसातल्या संगणकावरून भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर हलवलं होतं. तिथे आमचं पोर्ट ५४३२ जगाला दिसत होतं आणि पासवर्ड आमच्या नमुना फाइलीत छापलेलाच होता.

माझी पहिली प्रतिक्रिया मला इथे लिहायलाच हवी. मी त्या मुलाला म्हणालो, "अरे, डीफॉल्ट पासवर्ड कुणी ठेवतं का?" तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, फायरवॉल लावली होती. पासवर्ड बदलायला गेलो होतो. डीबगही बंद केलं होतं. अजून काय करायचं होतं मी?"

रविवारी त्याच्याबरोबर बसून आम्ही एकेक गोष्ट तपासली. तो तिन्ही बाबतीत खरं बोलत होता.

तीन कुलपं का लागली नाहीत

पहिलं कुलूप फायरवॉलचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीचं. त्याने सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करून फक्त वेबची आणि एसएसएचची (दुरून सर्व्हर चालवण्याची) पोर्टं मोकळी ठेवली होती. पण डॉकरला एखादं पोर्ट बाहेर काढायला सांगितलं की तो आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ वाहतूक-नियमांत, स्वतःचे नियम लिहितो, आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचतच नाही. डॉकरच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चूक आमच्या फाइलीत होती. तिथे "५४३२:५४३२" असं लिहिलं होतं, म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक पत्त्यावर पोर्ट उघडं. "१२७.०.०.१:५४३२:५४३२" असतं तर ते त्या यंत्रापुरतं राहिलं असतं. खरं तर आमच्या अॅपला ते पोर्ट बाहेर लागतच नव्हतं, दोन्ही कंटेनर आतल्या जाळ्यावर बोलत होते. आमच्यापैकी एकाला लिहिताना लॅपटॉपवरून कोष्टकं बघायची सोय हवी होती म्हणून ती ओळ आली, आणि विकासाची फाइल तीच वाटपाची फाइल असल्यामुळे ती सगळ्यांकडे गेली.

दुसरं कुलूप पासवर्डचं. माहितीपानावर आम्ही लिहिलं होतं की ".एन्व्ह फाइलीतला पासवर्ड बदला". ही फाइल म्हणजे अॅपची सेटिंग. त्याने बदलला. अॅप डेटाबेसशी जोडलं जाईना, कारखान्यातून फोन येऊ लागले, त्याने जुना पासवर्ड परत टाकला आणि सगळं चालू झालं. कारण असं, की पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉकर प्रतिमेत (तयार साच्यात) "पोस्टग्रेस_पासवर्ड" हे सेटिंग फक्त पहिल्यांदा, डेटाची जागा रिकामी असतानाच वाचलं जातं. नंतर ते बदललं तर डेटाबेसच्या आतला पासवर्ड जुनाच राहतो. अॅप मात्र नवा पासवर्ड घेऊन दार ठोठावत बसतं. आमची सूचना पहिल्या आज्ञेच्या आधी पाळली तरच बरोबर होती, आणि ती आम्ही पानाच्या शेवटी लिहिली होती.

तिसरं कुलूप डीबगचं, म्हणजे चुका शोधताना सॉफ्टवेअरचा आतला तपशील पडद्यावर दाखवणाऱ्या सोयीचं. त्याने "डीबग=फॉल्स" असं लिहिलं होतं. पर्यावरणातून, म्हणजे .एन्व्हसारख्या बाहेरच्या सेटिंगांतून, येणारं प्रत्येक मूल्य अक्षरांची माळ असतं. आमचा कोड ती माळ पायथनच्या "बूल"मधून, म्हणजे खरं-खोटं ठरवणाऱ्या गाळणीतून, काढत होता, आणि पायथनच्या नियमाप्रमाणे रिकामी नसलेली कुठलीही माळ म्हणजे "खरं". म्हणून फॉल्स लिहिलं तरी डीबग चालू. त्याने ती ओळ पुसून टाकली असती तर डीबग बंद झालं असतं. जो काळजी घेतो त्याचंच नुकसान, हे त्या कोडचं वागणं मला आजही टोचतं.

डीबग चालू असल्याचा आणखी एक परिणाम होता. जँगोचं त्रुटीचं पान सेटिंग्ज दाखवतं, पण ज्यांच्या नावात पासवर्ड, सीक्रेट, टोकन, की असे शब्द असतात त्यांची मूल्यं झाकतं. आम्ही डेटाबेसचा पासवर्ड "डेटाबेस_यूआरएल" नावाच्या सेटिंगात अख्ख्या पत्त्याच्या पोटात ठेवला होता. नावात त्यातला एकही शब्द नाही, म्हणून ते झाकलं जात नव्हतं. सेटिंगला नाव देताना आपण सुरक्षेचा निर्णय घेतोय हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

शनिवार दुपारपर्यंत

शुक्रवारी रात्री निर्णय भराभर घ्यावे लागले. पैसे द्यायचे नाहीत हे मालकांनी स्वतःच ठरवलं. दुसरा प्रश्न अवघड होता: तोच सर्व्हर साफ करून वापरायचा का? आम्ही जोडणीसाठी पोस्टग्रेसचा सुपरयूजर (सगळे अधिकार असलेलं खातं) वापरत होतो, आणि सुपरयूजर "कॉपी"च्या आज्ञेतून डेटाबेसच्या यंत्रावर प्रोग्रामही चालवू शकतो. घुसणारा कुठपर्यंत गेला हे सांगता येत नव्हतं, म्हणून सर्व्हर टाकून द्यायचं ठरलं. ऑफिसातला जुना संगणक पुसून, इंटरनेटची वायर काढून, त्यावर नवं सॉफ्टवेअर चढवलं.

बॅकअप होता, पण आमचं डीफॉल्ट आठवड्यातून एकदा, रविवारी रात्रीचं. सोमवार ते शुक्रवारच्या नोंदी त्यात नव्हत्या. अक्कांनी सॉफ्टवेअर आल्यानंतरही वही बंद केली नव्हती. त्यांनी आणि त्यांच्या भाच्याने पहाटेपर्यंत वहीवरून पाच दिवस परत भरले. पगार दुपारच्या ऐवजी संध्याकाळी सातला झाला.

कामगारांना सांगायचं का यावर वाद झाला. नावं, फोन नंबर, बँक खात्यांचे क्रमांक आणि काहींचे आधार क्रमांक त्या डेटाबेसमध्ये होते. मालक म्हणाले, "चोराने नेलंच असेल कशावरून?" उत्तर आमच्याकडे नव्हतं, कारण पोस्टग्रेसमध्ये यशस्वी जोडण्यांची नोंद ठेवणारं सेटिंग डीफॉल्टने बंद असतं आणि आम्ही ते कधी चालू केलं नव्हतं. फसलेल्या प्रयत्नांच्या ओळी होत्या, कुणी आत येऊन काय वाचलं याची एकही नाही. शेवटी अक्कांनी पगाराच्या रांगेतच प्रत्येकाला तेलुगूत किंवा मराठीत सांगितलं की तुमचा खाते क्रमांक बाहेर गेला असू शकतो, ओटीपी मागणारा फोन आला तर देऊ नका. मालक नाराज होते. मला अक्कांचं बरोबर वाटलं आणि अजूनही वाटतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. हे आमच्यातल्या एकाला रविवारी आठवलं. कळवलं, पण उशिरा.

पुढच्या आवृत्तीसाठीचे पर्याय

पुढच्या बुधवारी कारखान्याच्या ऑफिसातच बैठक झाली. आम्ही चौघे, बसवणारा मुलगा, अक्का आणि दारात उभे राहून ऐकणारे जॉबर (मागांची देखरेख करणारे) अण्णा.

सर्वांत स्वस्त पर्याय माहितीपान सुधारायचा होता: मराठीत लिहायचं, इशारा वर आणायचा. एक दिवसाचं काम. पण या मुलाने तर पान शेवटपर्यंत वाचलं होतं, तरी फसला. जे पान कोडशी जुळत नाही ते कितीही चांगल्या मराठीत लिहिलं तरी काय उपयोग?

दुसरा पर्याय पडद्यावर लाल पट्टी दाखवण्याचा. अक्का लगेच म्हणाल्या, "पहिले दोन दिवस बघीन मी ती पट्टी."

तिसरा, सगळ्यांचं सॉफ्टवेअर आम्हीच एका ठिकाणी चालवायचं. त्यात एक सोय आहे, सेटिंग एकाच जागी राहतात. पण चौघांनी नोकऱ्या सांभाळून इतक्या कारखान्यांच्या पगाराची जबाबदारी घ्यायची, आणि रात्री दोनला सर्व्हर पडला तर उठायचं कुणी? हा आम्ही सोडून दिला.

चौथा पर्याय सगळ्यांत कडक. धोकादायक सेटिंग दिसलं की सॉफ्टवेअरने सुरूच व्हायचं नाही. याला माझाच विरोध होता. शनिवारी सकाळी कुणी अपडेट केलं आणि ते अडून बसलं तर पगार थांबेल, असं मी म्हणालो. तेव्हा जॉबर अण्णा बोलले, "बाणा तुटला की माग थांबतोच की. तुटलेल्या बाण्यावर चालत राहिला तर कापड वाया जातं, मग ते कोण भरून देणार?" मागाला ती सोय असते, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा लागला नाही की माग आपोआप उभा राहतो. माझा विरोध तिथे पूर्ण मावळला नाही, पण प्रश्न बदलला. थांबायचं की नाही हे बाजूला पडलं आणि थांबल्यावर माणसाला पुढे काय करायचं ते कळतं का, यावर चर्चा आली.

काय केलं

आधी सेटिंग मोजली. एकेचाळीस निघाली. यातली किती कुणाला खरंच बदलायची असतात हे विचारत गेल्यावर चौदा उरली. डेटाबेसचं पोर्ट, वापरकर्त्याचं नाव, होस्ट ही सगळी सेटिंगच काढून टाकली. पोर्ट आता बाहेर येतच नाही. विकासाची फाइल वेगळी केली, ती वाटपात जात नाही. आधार क्रमांकाचा रकाना पगाराच्या हिशेबात कुठेच वापरला जात नव्हता, तोही काढला.

उरलेल्या चौदांसाठी आम्ही तपशीलवार विनिर्देश (प्रत्येक सेटिंगने कसं वागायचं याचा लेखी नियम) लिहिला, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रत्येक सेटिंगचं नाव, प्रकार, चालणारी मूल्यं आणि डीफॉल्ट हे तर कुणीही लिहितं. आम्ही त्यात चार प्रश्न वाढवले: सेटिंग लिहिलंच नाही तर काय होतं, चुकीचं लिहिलं तर काय होतं, ते गुपित आहे का, आणि एकदा सुरू झाल्यावर बदललं तर ते लागू होतं का. शेवटचा प्रश्न पासवर्डच्या अनुभवातून आला. तो आधी विचारला असता तर दुसरं कुलूप लागलं असतं.

भाषेवरून आमचं बरंच अडलं. इंटरनेटची मानकं लिहिताना १९९७च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजापासून "मस्ट" (सक्ती) आणि "शुड" (सल्ला) यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. आमच्या मराठी मसुद्यात सगळीकडे "असावे" होतं. "पासवर्ड बारा अक्षरांचा असावा." ही सक्ती की सल्ला? मराठी वाचणारा दोन्ही समजू शकतो. म्हणून ठरवलं की "असलाच पाहिजे" लिहिलं तर कोड त्यावर अडून बसतो, आणि "असावा" लिहिलं तर कोड नोंदवहीत इशारा टाकतो व पुढे जातो. विनिर्देशातल्या प्रत्येक "पाहिजे"साठी एक चाचणी लिहिली. चाचणी लिहिता येत नसेल तर ते वाक्य "पाहिजे" म्हणून ठेवायचं नाही. पाच वाक्यं या नियमात बसली नाहीत आणि ती "असावा"वर उतरली.

होय-नाही प्रकारच्या सेटिंगांना आता फक्त "ट्रू" आणि "फॉल्स" चालतात. बाकी काहीही लिहिलं तर सॉफ्टवेअर अंदाज न लावता थांबतं. बॅकअपचं डीफॉल्ट रोजचं केलं. डेटाबेसच्या जोडण्यांची नोंद चालू केली आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या असं ठरवलं, कारण त्याच २०२२च्या निर्देशांत तेवढी मुदत आहे. आधी आमचं डीफॉल्ट ७ दिवसांचं होतं.

"सीक्रेट_की" या गुप्त किल्लीचं दुखणं वेगळं होतं. जँगो याच किल्लीने लॉगिनची सत्रं आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे प्रमाणित करतं. आमची नमुना किल्ली कोडच्या भांडारात खुली होती आणि बहुतेक कारखान्यांत तीच चालू होती. फाइलीतून काढली तरी गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात ती राहते, म्हणजे ती फुटली असंच धरायचं. जँगो ४.१ पासून जुनी किल्ली काही काळ मागे ठेवून नवी आणायची सोय आहे, पण जगजाहीर किल्ली मागे ठेवण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांना एकदम लॉगआउट व्हावं लागणार होतं. त्यासाठी रविवार निवडला.

जाहीर कधी करायचं, हा शेवटचा निर्णय. आधी जाहीर केलं तर ज्यांनी बदललं नाही ते उघडे पडतात, लपवलं तर ज्यांना आम्ही ओळखत नाही त्यांना कधीच कळत नाही. तीन दिवस ओळखीच्या प्रत्येक कारखान्याला फोन केले, ज्यांना जमत नव्हतं त्यांच्याकडे जाऊन बसलो, आणि चौथ्या दिवशी आवृत्ती २.० व सुरक्षा सूचना एकत्र प्रसिद्ध केली.

परिणाम

आम्ही स्वतः गेलो तिथे सगळं नीट झालं. न गेलेल्या एका ठिकाणी मात्र मला जी भीती होती तीच खरी ठरली. अपडेट केल्यावर सॉफ्टवेअर थांबलं, पडद्यावर पायथनची पानभर इंग्रजी त्रुटी आली, बसवणाऱ्याने जुनी आवृत्ती परत चढवली आणि कुणाला सांगितलं नाही. दोन महिने तो कारखाना तशाच उघड्या पोर्टावर चालला. सुदैवाने त्यांच्याकडे काही झालं नाही. इचलकरंजीतल्या एका कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर आहे हे तर आम्हाला त्यानंतर कळलं.

आवृत्ती २.१ मध्ये संदेश बदलला. आता मराठीत चार ओळी येतात: काय चुकलंय, का थांबलोय, कुठली आज्ञा चालवायची आणि कुणाला फोन करायचा. तेलुगूतला मजकूर अक्कांच्या भाच्याने लिहिला.

पुन्हा करायचं झालं तर

आम्ही सगळ्या धोकादायक सेटिंगांना एकच वागणूक दिली, ती चूक होती. किल्ली नसेल तर सॉफ्टवेअर ती स्वतः तयार करून जपून ठेवू शकतं, त्यासाठी माणसाला अडवायची गरज नाही. डेटाबेसचा पासवर्डही पहिल्या सुरुवातीला आपोआप तयार होऊ शकतो. अडवायचं ते फक्त जिथे माणसाचाच निर्णय लागतो तिथे, उदाहरणार्थ हे सॉफ्टवेअर कुठल्या पत्त्यावरून दिसावं. ही विभागणी आम्ही २.० च्या आधी केली असती तर तो कारखाना जुन्या आवृत्तीवर परत गेला नसता. २.२ मध्ये ती केली.

विनिर्देशाच्या बैठकीला बसवणाऱ्या मुलाला आम्ही दुर्घटनेनंतर बोलावलं. आता प्रत्येक नवं सेटिंग आधी त्याच्याकडे जातं. तो ते काहीही न विचारता बसवून बघतो, आणि जिथे त्याला आम्हाला फोन करावा लागतो ती ओळ आम्ही परत लिहितो.

एक मुद्दा अजून उघडा आहे. काही कारखान्यांची मागणी आहे की "सक्तीने सुरू करा" असं एक पंधरावं सेटिंग द्या, शनिवारच्या अडचणीसाठी. एकदा दिलं की ते कायम चालू राहील असं माझं मत आहे, आणि ते मी प्रकल्पात लेखी नोंदवलं आहे. अक्कांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांना ते हवं आहे, पण चोवीस तासांत आपोआप बंद होणारं, आणि चालू असेपर्यंत मालकांच्या फोनवर दर तासाला संदेश पाठवणारं. त्या प्रस्तावाचा मसुदा सध्या माझ्याकडे आहे. "चोवीस तास" कुठून मोजायचे आणि मधे वीज जाऊन यंत्र बंद पडलं तर काय, या ओळीवर मी अडलो आहे.